मावशींचा अंगठा आणि बोन्सायची तार

कचऱ्याची पिशवी एकदा दाराबाहेर ठेवली की ती आपली राहत नाही, असं तुम्हाआम्हा सगळ्यांनाच वाटतं. चित्रकलेच्या सरांनाही तसंच वाटत होतं.

निवृत्त झाल्यापासून सरांना बोन्सायचं वेड लागलं होतं. गॅलरीत अकरा कुंड्या, त्यांत अकरा बुटकी झाडं, आणि त्यांचे लाड तर विचारूच नका! फांदीला हवं तसं वळण लागावं म्हणून ते तिच्याभोवती ॲल्युमिनियमची तार गुंडाळत आणि फांदी स्थिरावली की काढत. मात्र तार उलगडताना सालीला ओरखडा येईल, या धास्तीने ते कटरने तिचा एकेक वेढा तोडत. मग ते बोटभर तुकडे काळ्या पिशवीत टाकले, हात झटकले, संपलं काम.

एका सकाळी दाराबाहेरून "आई गं!" अशी किंकाळी ऐकू आली. कचरा नेणाऱ्या मावशी जिन्यात मटकन बसल्या होत्या. पिशवीला खालून हात देऊन उचलताना तारेचं टोक उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल घुसलं होतं.

सरांसोबत राहणारी त्यांची थोरली बहीण, अक्का, जन्मभर नर्स होती. तिने मावशींना आत आणलं, जखम धुतली आणि स्वतः दवाखान्यात नेलं. पाच टाके पडले. परत आल्यावर तिने तो तुकडा सरांपुढे टेबलावर ठेवला.

"ओळखतोस?"

"अगं, मी काय मुद्दाम टाकला?" सर चाचरले. "आणि त्यांनी हातमोजे घालायला नकोत का?"

"घातले होते. आरपार गेली तार." अक्काचा आवाज चढला नव्हता. "हे वेढे तू तोडतोस कशासाठी, सांग बरं?"

"सालीला इजा होऊ नये म्हणून..." सर बोलता बोलता थांबले.

"झाडाच्या सालीची एवढी काळजी, आणि माणसाच्या कातडीची? अंगठा पुरता मिटेल की नाही, डॉक्टरांनाही सांगता येईना. त्या अंगठ्यावर त्यांचं पोट आहे रे!"

सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत हाताचं चित्र शिकवताना "अंगठा चुकला की सगळा हात चुकला," असं वर्षानुवर्षं सांगणारे ते हेच!

"उद्यापासून तुकडे वेगळ्या डब्यात भरून देतो," ते पुटपुटले.

"आणि तो डबा पुढे कोण उघडणार? दुसरं कुणीतरीच ना? तू तुकडेच करू नकोस."

सर कामाला लागले. तार वेळेवर काढली तर ती सालीत रुततच नाही, एका हाताने फांदी धरली की अलगद सुटते, हे त्यांच्या ध्यानात आलं. आजवर ते ती वेळेवर काढायची विसरत, म्हणून तोडावी लागे. खापर मात्र बिचाऱ्या सालीवर! पण सुटलेल्या तारेला पीळ पडलेला. ती पुन्हा वापरायची कशी?

टाके निघाल्यावर मावशी अक्काला हात दाखवायला आल्या. सरांनी ओशाळून माफी मागितली. मावशींनी 'असू द्या' म्हटलं नाही.

"दुखलं, सर. फार दुखलं." मग टेबलावरचा गुंता बघून त्यांना राहवेना. "आमचे हे बांधकामावर सळया सरळ करतात. फळीवर खुंटे ठोकायचे, एक इकडे, एक तिकडे, आणि मधून ओढायचं. ही तर केवढीशी तार!"

सरांनी आपला जुना ड्रॉइंग बोर्ड काढला. मावशींनी डाव्या हाताने जागा दाखवल्या, सरांनी पाच खिळे ठोकले आणि एकदा स्वतःचं बोटही. पहिल्यांदा तार अडकली. खिळे जरा विरळ केले, आणि तार सळसळत सरळ बाहेर आली!

"निघाली की!" मावशी हसल्या. सरांनी पकडीने तिची दोन्ही टोकं आत वळवून बोथट केली. घरात उरलेले तुकडेही त्यांनी कुंड्यांच्या तळच्या भोकांवरची जाळी अडकवायला वापरून टाकले.

मावशी कामावर आल्या. अंगठा अजून पुरता मिटत नव्हता. पिशवी उचलण्याआधी त्या आता ती पायाने हलवून बघत, सरांच्या दारातलीसुद्धा. सरांना ते रोज दिसे आणि रोज लागे. शेवटी एके दिवशी ते पिशवी घेऊन दारातच उभे राहिले. मावशींसमोर त्यांनी ती उघड्या हातांनी सगळीकडून दाबली, खालून चाचपली आणि मग पुढे केली. मावशींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि पिशवी सरळ हातात घेतली.

मित्रहो, तुमच्या घरी बोन्साय नसेल, पण ब्लेड, सुई, फुटका ग्लास तर असेलच ना? गाठ मारण्याआधी पिशवी एकदा आपल्या उघड्या हातांनी दाबून बघा. तुमचा हात धजत नसेल, तर ती दुसऱ्याच्या हाती देऊ नका!