रंभाच्या गोळ्या

चौथ्या बाळंतपणानंतर रंभाला विहिरीवरून घागर आणताना तीनदा टेकावं लागे. सासूनं दृष्ट काढली. मिरच्या संपल्या, धाप संपेना. शेवटी सत्तावन्न सालच्या माघात ती एकटीच डहाणूला दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी ओढून पाहिली आणि महिनाभराच्या गोळ्या बांधून दिल्या.

"कसल्या गं?" कैनाडला घरी परतल्यावर नवऱ्यानं, हरिश्चंद्रानं, विचारलं.

"लोखंडाच्या."

होळीला लग्नवाल्यांची बिनलग्नवाल्यांशी हुतुतूची लढत ठरली होती, आणि चाळिशीतला हरिश्चंद्र लग्नवाल्यांचा म्होरक्या. आठ दिवसांत पुडी अर्धी झाली. रंभाला वाटलं, उंदीर. पण उंदीर पुडीची गाठ परत बांधत नाही.

ती जाब विचारणार, तोच हरिश्चंद्राचं पोट गच्च बसलं. पाचव्या दिवशी तो शेतातून धोतर सावरत धावत आला.

"रंभे, संपलो! कोळशासारखं काळं झालंय! कुणीतरी करणी केली!"

"ती तुम्हीच गिळलीत," रंभा म्हणाली आणि बैलगाडी जुंपायला लावली.

डॉक्टरीणबाई पोट धरून हसल्या. "अहो, आतड्यानं घेतलं नाही ते लोखंड काळं होऊन पडतं. घेतलेलं रक्तातून जातं. तिथं त्याला वाहून नेणारे हमाल असतात. ते हाडांच्या पोकळीत नेतात, नवं रक्त करायला. उरलेलं कलेजीत साठतं."

"मग माझी ताकद?"

"तुमचं कोठार भरलेलंच आहे. आणि साठलेलं बाहेर टाकायची वाट शरीराला नाही. बाईचं मात्र दर महिन्याला जातं, बाळंतपणात जातं, पोटातलं पोर आईचं उचलतं. सगळ्या अंगात मिळून असतं किती? एका खिळ्याएवढं!"

"म्हणजे चौघांनी माझा खिळाच उपटला," रंभा म्हणाली.

"आणि उरलेला यांनी खाल्ला," म्हणत बाईंनी नवी पुडी तिच्याच हातात दिली.

हरिश्चंद्र खाली मान घालून गाडीत बसला. कासरा हातात घेत म्हणाला, "होळीला मी खेळत नाही, पंच होईन."

बाजारापाशी त्यानं गाडी थांबवली आणि अर्धा शेर कलेजी घेतली. घरी स्वतः चिरली, स्वतः परतली. आईच्या डोळ्यांदेखत त्यानं पहिला वाटा बायकोच्या ताटात वाढला. सासूनं नाक मुरडलं. रंभानं मान वर न करता ताट पुढं सरकवलं.

"आणखी वाढा."