खुर्चीला टोचलेली लस

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या आणि त्यांचा थोरला भाऊ प्लगइन बनवायचा. वेबसाइटला वरून जोडायचा तयार तुकडा म्हणजे प्लगइन. घरात मात्र दादा असा बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, अख्खं इंटरनेट यानेच एकट्याने विणून काढलंय. जेवताना कुणी मीठ मागितलं तरी तो आधी "मूळ प्रश्न काय आहे ते समजून घेऊ" म्हणायचा. तेव्हा आई त्याच्याकडे कौतुकाने बघायची आणि वहिनी स्वतःच्या ताटाकडे.

बहिणीसाठी म्हणून त्याने जनावरांच्या दवाखान्यांचं एक प्लगइन केलं. मालकाने लॉगिन करून वेळ घ्यायची, डॉक्टरने लॉगिन करून औषधं लिहायची, लस टोचली की एक बटण दाबायचं. सही-शिक्क्यासकट दाखला तयार. पुढे ते प्लगइन बऱ्याच दवाखान्यांनी घेतलं. दादाची मान आधीच ताठ होती, ती आता वळेनाशी झाली.

एका सकाळी एक बसचालक टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू घेऊन दवाखान्यात आला. पिल्लू रक्ताच्या उलट्या करत होतं, डोळे आत गेले होते. डॉक्टरबाईंनी तपासलं. पार्व्होच होता, पिल्लांचा जीव घेणारा संसर्ग. वेळेवर लस घेतलेल्या पिल्लाला तो सहसा गाठत नाही. लस का दिली नाही, असं त्यांनी जरा चढ्या आवाजातच विचारलं. बसचालकाने फोन पुढे केला. त्यावर लसीचा दाखला होता आणि खाली सही डॉक्टरबाईंची.

हे पिल्लू त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुमची सही बघितली, म्हणून तर हे विकत घेतलं," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी सलाइन लावलं, जे करता येईल ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गेलं. त्याच आठवड्यात आणखी काही जण तसेच टॉवेल घेऊन आले. सगळी पिल्लं एकाच माणसाने विकलेली होती. तो कुत्र्यांची पैदास करायचा आणि दवाखान्यात साधा ग्राहक म्हणून त्याचं खातं होतं. डॉक्टरबाईंनी त्याला फोन केला. तो खुशीत होता. दाखले तुमच्याच वेबसाइटने दिलेत, तक्रार असेल तर तिच्याकडे करा, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

डॉक्टरबाईंनी मग दवाखान्यात बसून ग्राहकाच्या नावाने एक नवं खातं उघडलं. ग्राहकाच्या पानावर दाखल्याचं बटण नव्हतं. पण डॉक्टरच्या खात्यातून दाखला देताना वर जो पत्ता दिसायचा, तो त्यांनी तसाच्या तसा टाइप केला. पान उघडलं. तुम्ही कोण, असं कुणी विचारलं नाही. प्राण्याचं नाव विचारलं, तिथे त्यांनी 'खुर्ची' लिहिलं. जात: लाकडी. पाय: चार. पुढच्याच क्षणी खुर्चीला रेबीजची लस टोचल्याचा दाखला आला, खाली त्यांची स्वतःची सही.

तो कागद घेऊन त्या दादाकडे गेल्या. त्याची कामाची खोली म्हणजे काचेच्या सन्मानचिन्हांचं दुकान. त्याने दाखला वाचला आणि हसला. विनोदबुद्धी छान आहे तुझी, म्हणाला. मग लहान मुलाला समजवावं तसं समजवायला लागला: लॉगिन केल्याशिवाय आत येताच येत नाही, तेवढं तो पक्कं तपासतो.

"आत आलेला माणूस डॉक्टर आहे की ग्राहक, ते तपासतोस का?"

"अगं, ग्राहकाला ते बटण दिसतच नाही. न दिसणारं बटण दाबणार कोण?"

डॉक्टरबाईंच्या मनात आलं: तिजोरीला कुलूप न लावता तिच्यावर पडदा सोडणारा हा माणूस, आणि याच्या बुद्धीचे गोडवे ऐकत आपण लहानाच्या मोठ्या झालो. मग त्यांनी मेलेल्या पिल्लांचं सांगितलं. दादाने पिल्लांबद्दल काहीच विचारलं नाही. हे आणखी कुणाला बोललीस का, असं त्याने विचारलं. दुरुस्तीला किती वेळ लागेल, यावर त्याने जरा आढेवेढे घेत कबूल केलं, की एका ओळीचं काम आहे. ती ओळ त्याने तिथल्या तिथे घातली, पण फक्त बहिणीच्या वेबसाइटपुरती.

"बाकीच्या दवाखान्यांचं काय?"

"त्यांनी कुठे तक्रार केलीय? उगाच बोभाटा कशाला?"

डॉक्टरबाई चहाला थांबल्या नाहीत. ही प्लगइनं जिथून वाटली जातात, तिथल्या लोकांना त्यांनी सगळं कळवलं आणि सोबत खुर्चीचा दाखला जोडला. त्या लोकांनी तपासून प्लगइन काढून टाकलं आणि ते वापरणाऱ्या सगळ्यांना सावध केलं. पैदासवाल्याविरुद्ध पोलिसांत तक्रार झाली. मी कुठलं कुलूप फोडलं नाही, दार उघडंच होतं, असं तो तिथेही सांगत होता. त्याचा धंदा बंद पडला, आणि आपल्यावर घोर अन्याय झाला असं त्याला मनापासून वाटलं.

आईचा फोन आला. सख्ख्या भावाचं नाक कापलंस, म्हणाली. डॉक्टरबाईंनी पिल्लांचं सांगितलं. "कुत्रीच ना ती," आई म्हणाली. डॉक्टरबाईंनी फोन ठेवला आणि हात धुवायला गेल्या. वहिनीने तेवढा एक निरोप पाठवला, बरं केलंत म्हणून. बहुतेक चोरून.

दादाचं फार काही बिघडलं नाही. थोड्याच दिवसांत त्याने एका सभेत 'सुरक्षिततेकडे माझा प्रवास' या विषयावर भाषण ठोकलं. एक त्रुटी आपल्या लक्षात आली आणि आपण धैर्याने ती मान्य केली, असं तो सांगत होता. लोक टाळ्या वाजवत होते. डॉक्टरबाईंनी फोनवर थोडा वेळ ते पाहिलं. दूध पिऊन मिशा चाटणाऱ्या बोक्याच्या चेहऱ्यावर निदान बोकेपणाचा प्रामाणिकपणा असतो. त्यांनी ते बंद केलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

बाहेर तोच बसचालक बसला होता. या वेळी त्याच्या मांडीवर डेपोच्या मागे सापडलेलं पिल्लू होतं, एक कान पडलेलं, कमालीचं वळवळं. त्याने ते टेबलावर ठेवलं आणि जरा संकोचून म्हणाला, "मला बाटली बघायचीय. टोचतानाही बघेन."

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं, तर डॉक्टरबाईंना राग आला असता. त्यांनी बाटली त्याच्या हातात दिली. त्याने नाव वाचलं, तारीख वाचली, मग पिल्लाला घट्ट धरलं. सुई आत जाईपर्यंत त्याने पापणी लववली नाही. पिल्लू एकदाच केकाटलं आणि लगेच डॉक्टरबाईंचा अंगठा चाटायला लागलं.