समोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. खुर्ची म्हटलं की लोकांना सत्ता आठवते, तिच्यासाठी होणारी ओढाताण आठवते. माझ्यासाठी कधी कुणी भांडलं नाही. टेबलाच्या ज्या बाजूला विचारणारे बसतात, तिच्या समोरच्या बाजूला मी असायचे. ज्याला उत्तरं द्यायची आहेत तो माझ्यावर बसायचा. मला नावसुद्धा तेच पडलं, समोरची.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने एकाच लाकडातून आम्हा खुर्च्यांचा एक संच केला. माझा मागचा पाय कापताना त्याला कुणीतरी हाक मारली आणि करवत जरा जास्त चालली. तेवढ्यावरून मी जन्मभर डुगडुगले. सुतार म्हणाला, बसणाऱ्याच्या वजनाने येईल जागेवर. मी कधी जागेवर आले नाही.

एका प्रकाशन संस्थेने आम्हाला विकत घेतलं. खाली छापखाना, वर कार्यालय. यंत्रं सुरू झाली की जमीन थरथरायची आणि माझ्या अंगात शाईचा वास मुरायचा. ही संस्था वरच्या गावांतल्या लोकांबद्दल पुस्तकं काढायची. त्यांचे देव, त्यांची व्रतं, आजाऱ्यावर फुंकर घालताना म्हणायचे शब्द, मेलेल्या माणसाला वाटेला लावायची गाणी. खालच्या शहरात अशा पुस्तकांना भलतीच मागणी होती. स्वतःच्या आजीशी दोन वाक्यं न बोलणारी माणसं दुसऱ्याच्या आजीचे मंत्र उशाशी घेऊन झोपायची.

मग एकदा संस्थेचं हसं झालं. एका लेखकाने आपण वरच्या गावात लहानाचे मोठे झालो असं लिहिलं होतं, तो शहराबाहेर कधी गेलाच नव्हता. त्याचे देव, त्याचा गुरू, त्याची नदी, सगळं त्याने घरबसल्या रचलेलं. पोळलेल्या संस्थेने पारख समिती नेमली. यापुढे लेखकाला समोर बसवून विचारायचं, तू खरा कशावरून, आणि मगच छापायचं. समिती नेमली यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. खोटी माणसं खरोखरच येत होती.

समितीत तिघं होते. अध्यक्ष म्हणजे सर, जन्मभर कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. दुसऱ्या संपादिकाबाई, चष्मा कपाळावर ठेवून तो टेबलावर शोधणाऱ्या. आणि तिसरे काका. काका पोस्टातून निवृत्त झालेले, पण मूळचे वरच्या गावचे, म्हणून त्यांचा शब्द शेवटचा. आमच्यात असं असतं, आमच्यात असं नसतं, एवढं ते म्हणाले की निकाल लागायचा.

काकांच्या घरची गोष्ट मला त्यांच्याच तोंडून कळली, पण पुष्कळ उशिरा. त्यांचे आजोबाच गाव सोडून खाली आले होते. वरची भाषा त्यांना जेवायला बोलावण्यापुरती यायची. समितीवर नेमताना सरांनी विचारलं, तेव्हा त्यांनी आजोबांचं नाव ठोकून दिलं होतं, त्यांच्यापाशी सगळं शिकलो म्हणून. आपलं बिंग फुटेल या भीतीने ते दुसऱ्यांची कसून तपासणी करायचे. टेबलावर त्यांचे हात शांत असायचे आणि खाली पाय सारखा हलत असायचा. टेबलाखाली माणसं खरी वागतात, हे तुम्ही आमच्यासारख्यांना विचारा.

सुरुवातीला मला वाटायचं, आपल्याला खरंखोटं कळतं. खोटा डुगडुगेल, खरा स्थिर बसेल. तसं काही नव्हतं. एक साधे मास्तर आले होते, वरच्या शाळेत नोकरी केलेले, त्या लोकांतले नसलेले. मला उंबऱ्यापर्यंतच येऊ दिलं, आतलं मला माहीत नाही, असं त्यांनी पुस्तकातच लिहिलं होतं. ते इतके घाबरले होते की मी ताप आल्यासारखी थरथरले. काका म्हणाले, बाहेरच्या माणसाला काय कळणार आमचं, आणि मास्तर आपली पिशवी उचलून गेले.

त्यांच्यानंतर आलेले एक दाढीवाले लेखक मात्र घरच्या सोफ्यावर रेलावं तसे रेलले. अंगावर धुराचा वास येणारी घोंगडी. कुणाकडून शिकलात, असं विचारायचा अवकाश, त्यांनी गुरूंची नावं घडाघडा म्हणून दाखवली, गावांसकट. शेवटच्या गुरूपाशी थांबून डोळे टिपले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्यांच्या पाठीवरून मला वाटलं, माणूस खरा असावा. मीही फसले, तेव्हा मी कुणाला हसत नाही.

आणि मग ती आली. सरकारी दवाखान्यात नर्स होती. काम उरकून तशीच आलेली, हाताला औषधाचा वास. ती माझ्या अगदी कडेवर बसली, पाठ टेकली नाही. रोग्याजवळच्या स्टुलावर असंच बसायची सवय असणार, घंटा वाजली की उठायचं. मी डुगडुगले, तशी तिने एक टाच जमिनीत रोवून मला सावरलं. असं आजवर कुणी केलं नव्हतं.

तिने सोबतीची गाणी लिहून आणली होती. वरच्या गावात माणूस जायला टेकलं की कुणीतरी उशाशी बसून ती म्हणतं. पुढे वाट कशी आहे, कुठल्या झऱ्याशी पाणी प्यायचं, कुठे मागे वळून बघायचं नाही, हे जाणाऱ्याला सांगायचं, म्हणजे त्याला एकटं वाटत नाही. ही गाणी पुरी येणारी आता ती एकटीच उरली होती. शिकवायला कुणी मिळेना. भाच्यांना वेळ नव्हता, गावातली तरणी मुलं कामधंद्याला पांगली होती. छापून ठेवावं, कुणीतरी उचलेल, एवढंच तिचं म्हणणं.

सरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. कुणाकडून शिकलात?

"ते नाही सांगता येणार, सर."

"सांगता येणार नाही, का माहीत नाही?"

"माहीत आहे की. पण ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव, आपण पुढे कुणाला देईपर्यंत घ्यायचं नसतं. माझ्याकडून अजून कुणी घेतलं नाही. पुस्तक होऊ दे, एकाने जरी गाणं उचललं, तर मी आपणहून येऊन सांगेन. मला तर कधी एकदा सांगते असं झालंय."

टेबलाखाली काकांचा पाय थांबला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच थांबलेला मी पाहिला. सर त्यांच्याकडे वळले.

"काय हो काका, असं काही असतं का तुमच्यात?"

असतं, हे काकांना ठाऊक होतं. त्यांची आई त्यांना हेच सांगायची. पण असतं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग तुम्ही आजोबांचं नाव कसं हो सांगितलंत, तुम्ही कुणाला शिकवलंय?

"मी तरी कधी ऐकलं नाही," काका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. रोगी औषध थुंकून टाकतो तेव्हा नर्स बघते, तसं. तिला जरा थांबायला सांगून तिघं शेजारच्या खोलीत गेले.

आम्ही दोघीच उरलो. खाली छापखान्यात यंत्रं बंद होती. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत सोबतीचं गाणं म्हटलं. शुद्ध हरपलेल्या रोग्यांशी ती अशीच बोलत असणार. उत्तर देता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं नाही, हे नर्सला सांगावं लागत नाही. गाणं संपल्यावर ती स्वतःशीच हसली.

"घेतलंस ना? मग आता मी नाव घेते," ती म्हणाली, आणि तिने ते नाव घेतलं. कोण होती, नात्याने काय लागत होती, तेही सांगितलं. मग पदर डोळ्यांना लावून नीट बसली, कारण पावलं वाजली होती.

निकाल तिला सभ्यपणे सांगण्यात आला. मूळ सांगता येत नसलेलं साहित्य संस्थेला छापता येत नाही. तिने आपली पानं पिशवीत भरली, उठताना मला टेबलाला नीट लावून ठेवलं आणि गेली.

दाढीवाल्यांचं पुस्तक निघालं. त्यातही सोबतीची गाणी होती, गोड, यमकं जुळवलेली, झरा नाही, वळून न बघणं नाही. आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पारख समितीने तपासलेले, असं मुखपृष्ठावर ठळक छापलेलं. छापखाना चालला की मी त्याच पुस्तकाच्या तालावर थरथरायचे, आणि माझ्या आत खरं गाणं असायचं.

समिती मोडल्यावर पुष्कळ काळाने काका एकदा कार्यालयात आले आणि पहिल्यांदाच माझ्यावर बसले. संपादिकाबाई टेबलापाशी होत्या. काका म्हणाले, थोरले भाऊ दवाखान्यात वारले. शेवटच्या दिवशी ती नर्स आपण होऊन उशाशी बसली, गाऊ लागली. भाऊंचा श्वास संथ झाला होता. तेवढ्यात पुतण्याने दाढीवाल्यांचं पुस्तक काढलं. सिस्टर, तुम्ही चुकीचं म्हणताय, म्हणाला, पुस्तकात असं नाही, आम्हाला आमच्या पद्धतीने होऊ द्या. ती गप्प झाली. पुतण्या वाचत राहिला. भाऊ डोळे उघडून इकडेतिकडे बघत गेले.

"आणि मी तिथेच उभा होतो, बाई. तेव्हाही मूग गिळून."

बाईंनी विचारलं, ती आहे का अजून? काका म्हणाले, मागच्या थंडीत गेली. त्यांना उशिरा कळलं. खोली रिकामी करताना घरमालकाने कागद रद्दीत घातले होते. तिच्या उशाशी कोण बसलं होतं, असं बाईंनी विचारलं नाही. काकांनीही सांगितलं नाही. तिला एकटीलाच जावं लागलं असणार. ज्या बाईने दवाखानाभर माणसांना सोबत केली, तिला.

बाई उठून गेल्यावर काका तसेच बसून राहिले. लहानपणी त्यांची आजी जाताना त्यांना खोलीबाहेर काढलं होतं, तेव्हा दाराआडून कानावर पडलेली ओळ ते गुणगुणून आठवू लागले. अर्धी जमली, मग चाल भलतीकडेच गेली. मला पुढचं येत होतं. मी सगळा जोर लावला. कर्र असा आवाज झाला. मोडेल ही, असं पुटपुटत काका घाईने उठले.

आता मी गोदामात आहे. पाय पूर्ण निखळलाय. भोवती दाढीवाल्यांच्या पुस्तकाचे गठ्ठे रचलेत, ते जातात आणि नवे येतात. परवा भंगारवाला बघून गेला. जळणाच्या भावाने नेतो म्हणाला. संस्थेने हो म्हटलंय.

दाढीवाल्यांची, सरांची, बाईंची नावं मी तुम्हाला सांगितली नाहीत, कारण ती पुस्तकावर छापलेली आहेत, तुमची तुम्ही शोधा. त्या नर्सचं नाव मात्र मला ठाऊक असून मी घेतलेलं नाही. तुम्ही विचाराल, मग तू खरी कशावरून? समितीनेही हेच विचारलं असतं. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव, पुढे कुणाला देईपर्यंत घ्यायचं नसतं. द्यायला मी तयार आहे. पण मला गाता येत नाही.