सुईकाकांचा हात

"पंखा बंद करून बघू या," कंपनीचा माणूस म्हणाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम स्वतः उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. पडद्यावरची रेघ होती तशीच राहिली. हृदयाच्या पेशीचा ठोका, मग बारीक कुरकुर, पुन्हा ठोका, पुन्हा कुरकुर. जणू कुणीतरी शेजारी बसून पाय हलवतंय.

"फ्रिज?"

फ्रिजही गेला. सूक्ष्मदर्शकापाशी सुईकाका बसले होते. त्यांचा उजवा हात सुई हलवणाऱ्या यंत्राच्या मुठीवर होता, आणि कुरकुर कसली आहे हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

सुईकाकांचं काम एका वाक्यात सांगता येई, फक्त ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नसे. जिवंत पेशीत वीज असते. ती मोजायला केसाहून बारीक काचेची सुई पेशीच्या अंगात घुसवायची आणि पेशीला कळू द्यायचं नाही. "तुम्ही नक्की करता काय?" असं व्याह्यांनी विचारलं तेव्हा काका "टोचतो" म्हणाले होते. व्याही अजून त्यांना कंपाउंडर समजतात. सव्वीस वर्षं दहा पेशी टोचल्या की आठ जगायच्या. मोठमोठे शास्त्रज्ञ येत, त्यांच्या हाताकडे बघत राहत आणि शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानायला विसरत.

हल्ली दहातल्या दोन जगत होत्या. उरलेल्या आठांपुढे काका इमानाने लिहीत, 'सुईनंतर पेशी मृत'. का मृत, असा रकाना वहीत नव्हता.

त्यावरून काढायचा तो अर्थ मॅडमनी काढला होता. हृदयाचं एक नवं औषध या पेशींना देऊन पाहणं चाललं होतं. बिनऔषधाच्या पेशी गेल्या वर्षी टोचून झाल्या होत्या, तेव्हा काकांचा हात हात होता. आता औषधाच्या पेशी पटापट मरत होत्या. म्हणजे दोष औषधाचा. सोमवारी तसा अहवाल जाणार होता आणि औषधाचा निकाल लागणार होता. आज सांगायचंच, असं काका रोज ठरवत. मग रोज काहीतरी निघे: काच ठिसूळ आहे, टेबल हलतंय, चष्म्याचा नंबर वाढलाय. निवृत्तीला दोन वर्षं होती, आणि तो हात सोडला तर त्यांच्याकडे दुसरी पदवी नव्हती. घरी कुणाला संशय नव्हता. काकू हल्ली चहा अर्धाच कप देत, पण ती साखर कमी करायची मोहीम असणार, असं काकांनी धरून टाकलं होतं.

त्यात या कंपनीच्या माणसाने आपली ही बशी आणली. न टोचता मोजणारी. काचेची, बोटभर रुंद, तळाशी सोन्याचे साठ ठिपके. पेशी त्यांवर आपल्या आपण चिकटून बसतात, धडधडतात, आणि ठिपके खालून ऐकतात. औषधाच्या पेशी या बशीत अकरा दिवस ठणठणीत होत्या. मॅडमना ते पटेना. "वहीत मरतात आणि बशीत जगतात, हे कसं?" म्हणून आज एकाच पेशीवर दोन्ही. खालून बशी, वरून सुई.

"दिवे घालवू या का?"

दिवे गेले. भर दुपारी तिघं अंधारात बसली.

"लिफ्ट असेल," मॅडम म्हणाल्या.

"बंद करायची?"

"केली तर संचालक जिना चढून येतील, आणि मग आपणच बंद होऊ."

काकांनी मुठीवरचा हात उचलला. रेघ स्वच्छ झाली. ठोका, शांत. ठोका, शांत.

"गेली!" कंपनीचा माणूस जवळजवळ ओरडलाच. "काय केलंत, काका?"

काकांनी हात परत ठेवला. कुरकुर आली.

"पंखा लावा, मॅडम," ते म्हणाले. "तो नाही. मी आहे."

कंपनीचा माणूस समजूतदार निघाला. न वाजलेला फोन कानाला लावून तो बाहेर गेला.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"चार महिने. औषधाने काही होत नाहीये. पेशी मरत नव्हत्या, मॅडम, मी मारत होतो."

"आधी पेशीच खराब समजून त्या पाठवणाऱ्यांशी मी दोनदा भांडले, काका. फोनवर. इथे उभी राहून."

"ऐकत होतो."

"आणि गप्प बसलात?"

"हो."

 मॅडमनी वही पुढे सरकवली. "लिहा. कुठल्या तारखेपासून ते, कारणासकट. सोमवारचा अहवाल थांबवते मी."

काकांनी लिहिलं. अक्षर हललं, पण वाचता येत होतं. पिशवी उचलून ते निघाले, तशा मॅडम म्हणाल्या, "या बशीतल्यांचं खाणं रोज बदलावं लागतं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. कुणाला सांगू?"

"माझा हात..."

"खायला घालायचंय, काका. टोचायचं नाहीये."

घरी चहा आला. अर्धा कप.

"हा अर्धाच का असतो गं?"

काकू भाजी निवडत होत्या. "भरला की सांडतो."

काकांनी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

"तुम्ही शर्टाचं वरचं बटण लावायचं सोडलंत तेव्हापासून. आठ महिने झाले असतील."

आठ. वहीत त्यांनी चार लिहिले होते.

"बोलली नाहीस कधी."

"बोलले असते तर हात खिशात घालून हिंडला असतात."

 "उद्या वही दुरुस्त करायला हवी," काका म्हणाले, आणि मग, "आज पूर्ण भर."

काकूंनी काठोकाठ भरला आणि पुन्हा भाजीला बसल्या. काकांनी कप दोन्ही हातांनी उचलला. काकूंनी मान वर केली नाही. पण कप पुन्हा बशीत टेकून त्याची किणकिण थांबेपर्यंत त्यांच्या हातातली भाजीची काडी न मोडता तशीच राहिली होती.