कॉम्प्युटरने घेतलेली हरकत

धैर्यशील ओहोळचं लग्न त्याच्या वयाच्या आठव्या वर्षी अडलं. त्या वेळी तो पंचवीस वर्षांचा होता. यात कोणीही खोटं बोलत नव्हतं, हीच खरी पंचाईत.

शहाण्णव साली लखनौच्या त्यांच्या चर्चने ऑफिससाठी नवा कॉम्प्युटर घेतला. महिला मंडळाने त्याला झालरीचं कव्हर शिवलं. पादरी साहेबांनी की-बोर्डवर हात ठेवून प्रार्थना केली, तेव्हा पडद्यावर दोन ओळी भरून अगम्य अक्षरं उमटली. ऑफिसचे सेक्रेटरी लाल साहेब यांनी ती दिवसभर पुसू दिली नाहीत.

खरं काम होतं ते जुन्या कॉम्प्युटरवरचा 'शेफर्ड' नव्यावर आणण्याचं. शेफर्ड म्हणजे चर्चचा कारभार सांभाळणारा प्रोग्रॅम. सभासद, बाप्तिस्मे, लग्नं, दफनभूमीतल्या जागा, सगळं त्याच्या पोटात. मंडळीतल्या एका निवृत्त मेजरने तो लिहिला होता. चर्चच्या नियमांचं पुस्तक त्याने शब्दन्‌शब्द त्यात उतरवलं आणि मग तो वारला. त्यामुळे सवलत मागायला आता कोणी उरलं नव्हतं.

हे काम धैर्यशीलकडे आलं, कारण तो एका खासगी कंपनीत कॉम्प्युटरवरच होता आणि त्याला नाही म्हणता येत नसे. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत तो लहानाचा मोठा झाला. वडील जयसिंग मूळचे महाराष्ट्रातल्या नगरचे, रेल्वेत ड्राफ्ट्समन. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी.

शुक्रवारी त्याने फ्लॉपींच्या चळतीवरून शेफर्ड नव्या कॉम्प्युटरवर चढवला. लगेच लाल साहेब म्हणाले, "अब पुराने वाले से मिटा दो."

"अंकल, थोडे दिवस राहू द्या ना. रहने दीजिए." घाईत त्याच्या तोंडी मराठी येई आणि लाल साहेबांना ती एव्हाना कळू लागली होती.

"बेटा, एक आदमी दो चर्च का मेंबर नहीं हो सकता. दो कॉम्प्युटर का कैसे होगा?"

जुना कॉम्प्युटर कोरा झाला.

नव्यात एकच खोट होती. तारीख लक्षात ठेवणारी बटणाएवढी बॅटरी मेलेली होती. लाइट गेली की कॉम्प्युटर ती विसरे आणि लाइट आली की निरागसपणे एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी सांगे. लखनौत लाइट जाणं ही बातमी नव्हे. दुकानदार म्हणाला, सोमवारी देतो. धैर्यशीलने तारीख हाताने घातली आणि कोणाला काही न सांगता घरी गेला.

आता चर्चची रीत अशी, की लग्नाआधी लागोपाठ तीन रविवार वधूवरांची नावं भर प्रार्थनेत पुकारायची आणि कोणाची हरकत आहे का विचारायचं. हिला पुकार म्हणतात. धैर्यशील आणि देविका साळवे यांच्या दोन पुकार झाल्या होत्या. तिसरी या रविवारी, लग्न पुढच्या शनिवारी. तेलीबागला देविकाच्या घरासमोर हलवाई भट्टीची जागासुद्धा बघून गेला होता.

शनिवारी दुपारी लाइट गेली आणि आली. संध्याकाळी लाल साहेबांनी तिसऱ्या पुकारचा कागद छापायला घेतला. शेफर्डने वराचं वय मोजलं, वधूचं मोजलं, आणि हरकत नोंदवून कागद अडवला.

धैर्यशील धावत आला. लाल साहेब चष्मा काढून बसले होते.

"बेटा, तुम आठ साल के हो. लड़की छह की है."

"अंकल, तारीख चुकली आहे! ये देखिए, ठीक कर दी. अब छापिए."

तारीख बरोबर झाली, हरकत हलली नाही. मेजरने नियमच तसा घातला होता. एकदा उठलेली हरकत मंडळीपुढे ऐकल्याशिवाय मिटत नाही. पडद्यावर प्रश्न होता: हरकत मंडळीपुढे ऐकली गेली का? हो किंवा नाही.

"'हो' दाबा ना अंकल."

"सुनी गई है क्या?"

"नाही, पण..."

"तो कैसे दबा दूँ?"

"मग फ्लॉपीवरून परत चढवतो. हरकत उठायच्या आधीचं सगळं आहे त्यात."

लाल साहेबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने दफनभूमीतली एखादी जागा काळ्या बाजारात विकायला काढली असावी. "उठी हुई आपत्ति को फ्लॉपी से दबाओगे? वो भी अपनी ही शादी की?" हिंदीत हरकतीला आपत्तीच म्हणतात.

दारात देविका उभी होती. गाण्याच्या सरावाला आली होती आणि सगळं ऐकून चुकली होती. एरवी ती त्याच्याशी मराठीत बोले. रागावली की हिंदीवर येई.

"बॅटरी खराब है, ये तुम्हें कब से पता था?"

"कालपासून."

"अच्छा," ती म्हणाली आणि गेली.

त्या 'अच्छा'चा अर्थ धैर्यशीलला चांगला ठाऊक होता. महिन्याभरापूर्वी तेलीबागच्या बाजारात, ती भेंडी निवडत असताना तो बोलून गेला होता, "लग्न थोडं पुढे ढकलू या का?" तिने विचारलं, का? त्याने भेंडीची पिशवी धरली आणि विषय संपला. संपला असं त्याला वाटलं होतं.

घरी जेवताना तो पोळीचे नुसते तुकडेच करत बसला. जयसिंग म्हणाले, "काळजी कशाची करतोस? उद्या मी सांगतो ना, तू आठ वर्षांचा नाहीस म्हणून."

"पप्पा, ते नाही हो."

"मग?"

मग काय, हे त्यालाही सांगता येईना. दुसऱ्या दुकानात बॅटरी मिळाली असती. स्कूटरला किक मारायची तेवढी बाकी होती. तो आळस होता की आणखी काही? माणसाला दिवसाढवळ्या स्वतःच्या मनातलं कळू नये आणि एका मेलेल्या बॅटरीला कळावं, हे त्याला फारच अपमानास्पद वाटलं.

रविवारी चर्च गच्च भरलं. बातमी फिरली होती. पादरी साहेबांनी गंभीरपणे हरकत वाचून दाखवली: वर आठ वर्षांचा, वधू सहा वर्षांची. मग विचारलं, यावर कोणाला बोलायचं आहे?

जयसिंग उभे राहिले. घाबरले, की ते फक्त मराठीत बोलत. "हा जन्मला तेव्हा मी ड्युटीवर होतो. पण पंचवीस वर्षं याला जेवताना मी रोज बघतोय." मंडळीला एक शब्दही कळला नाही, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. एक बाई "आमेन" म्हणाल्या.

धैर्यशीलला वाटलं, संपलं. तेवढ्यात गाणाऱ्यांच्या रांगेतून देविका उठली.

"मुझे भी पूछना है. बॅटरी शुक्रवार से खराब थी. तुम्हें पता था. फिर लाए क्यों नहीं?"

पादरी साहेबांनी पुस्तकात बोट घालून ठेवलं. दुकानदाराने सोमवार सांगितला होता, हे उत्तर तयार होतं. खरंही होतं. धैर्यशीलने ते जिभेपर्यंत आणलं आणि गिळलं.

"डर लग रहा था," तो म्हणाला.

"शादी से?"

"नहीं. इस बात से, कि शादी के बाद तुम्हें पता चलेगा, मैं बस इतना ही हूँ."

देविकाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. भेंडी निवडताना ती असंच पाही.

"इतना तो मुझे पहले से पता है," ती म्हणाली आणि खाली बसली.

"आपत्ति सुनी गई," पादरी साहेब म्हणाले.

लाल साहेब उठून ऑफिसकडे गेले. या वयात ते पळाले, असं म्हणणं शोभणार नाही, पण त्या चालण्याला दुसरं नावही देता येणार नाही. प्रिंटर करकरला. त्यांनी कागद आणून दिला आणि तिसरी पुकार झाली. कोणाची हरकत आहे का, असं पादरी साहेबांनी विचारलं आणि त्याच क्षणी पंखे थांबले. लाइट गेली होती. सगळ्या माना ऑफिसच्या दाराकडे वळल्या. पण कागद छापून झाला होता, आणि आता बोलायचं तर लाइट आल्याशिवाय शेफर्डला बोलता येत नव्हतं.

बाहेर धैर्यशीलने स्कूटरला किक मारली. देविका येऊन मागे बसली.

"कुठे सोडू? घरी?"

"आधी बॅटरी आणू. लाइट आली की तिकडे ऑफिसात माझा धाकटा भाऊ जन्मलेलाच नसणार."

बॅटरी मिळायची ती हजरतगंजच्या बाजारात, आणि रविवारी तिथली दुकानं बंद असतात, हे दोघांनाही माहीत होतं. दोघेही त्याबद्दल काही बोलले नाहीत. स्कूटर त्याच रस्त्याला लागली.