अंड्यांवरची दिवसपाळी

मित्रांनो, पिंजरा म्हटलं की तुमचं तोंड वाकडं होतं, हे मला ठाऊक आहे. गोष्टींमधला पिंजरा नेहमी दुष्टच असतो. पण माझंही जरा ऐकून घ्या. मी लोखंडी तारांचा एक जुना पिंजरा आहे. माझा रंग जागोजागी उडालाय, दाराची कडी कुरकुरते, तरी अजून माझ्यात जीव नांदतो. तो माझा नव्हे, दुसऱ्यांचा. आणि तो इतक्या जवळून पाहूनही मी रोज नव्याने थक्क होतो.

जाळ्या आणि खुराडी बनवणाऱ्या एका तारकाम्याने मला घडवलं. एकेक तार बसवली की तो शेजारच्या फटीत करंगळी घालून बघायचा. करंगळी सैल फिरली, तर तार काढून पुन्हा बसवायचा. पक्ष्याचं डोकं अडकेल, असं त्याचं म्हणणं. मला त्याने उंच न करता लांब केलं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “पक्षी आडवा उडतो. तो काय लिफ्ट आहे वरखाली जायला?”

जहाजाच्या इंजिनघरात काम करणाऱ्या एका तरुणाने मला विकत घेतलं आणि एका इमारतीच्या अगदी वरच्या मजल्यावर, आपल्या घरी आणलं. पाठोपाठ कॉकटील जातीचे दोन पक्षी आले. नराच्या डोक्यावर पिवळाजर्द तुरा आणि गालांवर नारिंगी ठिपके. मादी अंगाने करडी, स्वभावाने शांत. घरात त्यांना तुरेवाला आणि करडी म्हणू लागले. येणारा-जाणारा माझ्यासमोर थबकायचा, माझं कौतुक करायचा. खरं कौतुक त्या दोघांचं होतं, पण मीही थोडं खिशात घालायचो.

पुढे त्या तरुणाचं लग्न झालं, आणि लगेच त्याचं जहाज निघालं. घरात उरली दोन माणसं, त्याचे वडील आणि त्याची नवी बायको. वडिलांनी आयुष्यभर पावाच्या भट्टीवर रातपाळी केली होती. त्यांच्या हातांवर भाजल्याचे जुने डाग होते, आणि बोलणं मोजूनमापून. सून चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. तीही मितभाषी. दोघं एकमेकांशी इतक्या अदबीने वागायची, की जणू दोघंही त्या घरात पाहुणीच आहेत. मामंजींना गोळीची आठवण करायची असेल, तर सून तुरेवाल्याला सांगायची, “जेवणानंतरची गोळी राहिली वाटतं.” मग मामंजी घसा खाकरून करडीला सांगायचे, “घेतली म्हणावं.” अशी दोन माणसांची बोलणी माझ्या तारांमधून जायची.

मुलगा गेला आणि माझ्याकडे थोडं दुर्लक्षही झालं. दाणापाणी वेळेवर मिळायचं, त्यात खोट नाही. पण मला खिडकीशी ठेवलं होतं तिथेच मी राहिलो. थंडीत ती जागा झकास होती. उन्हाळ्यात ती कशी होते, याचा विचार कुणी केला नाही.

त्या वर्षी करडीने अंडी घातली. माझ्या बाजूला लाकडाची एक पेटी टांगलेली होती आणि तिला गोल भोक होतं. त्या पेटीत ती पांढरीशुभ्र, बोटाच्या पेरासारखी अंडी होती. मला आतलं दिसत नव्हतं. पण पेटीचा भार माझ्या तारांवर होता, त्यामुळे आतली बारीकशी हालचालही मला कळायची. रात्रभर करडी अंड्यांवर बसायची. सकाळी तुरेवाला भोकाशी यायचा, ती बाहेर पडायची, तो आत शिरायचा आणि संध्याकाळपर्यंत हलायचा नाही. हे पाहून मामंजींना फार गंमत वाटली. करडीला ते म्हणाले, “तू आमच्यासारखी. रातपाळीवाली.” जहाजावरून मुलाचा फोन आला की पहिला प्रश्न अंड्यांचा असायचा. बायको आणि बाप दुसऱ्या नंबरावर.

आणि मग ती दुपार आली. कितीतरी दिवस असं ऊन पडत होतं, की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. त्यात आमच्या भागाची वीज गेली. पंखा थांबला. समोरच्या शेडच्या पत्र्यावरून ऊन उसळी मारून थेट खिडकीत येत होतं. मामंजींचा डोळा लागला होता. करडी माझ्या तळाशी उतरली, चोच उघडी, पंख अंगापासून दूर धरलेले, आणि प्रत्येक श्वासाला शेपटी खालीवर. तुरेवाला पेटीत होता. मधूनच तो भोकातून डोकं काढायचा, धापा टाकायचा आणि पुन्हा आत जाऊन बसायचा. भोक उघडं होतं. त्याला कुणी अडवलं नव्हतं. तरी तो बाहेर येत नव्हता.

मामंजी घामाने डबडबून उठले आणि हे बघून घाबरले. जन्मभर आगीसमोर उभा राहिलेला तो माणूस एक ओली चादर घेऊन मला सगळीकडून झाकायला धावला. तेवढ्यात सून घरी आली. दुकानातली यंत्रं विजेअभावी बंद पडल्याने सगळ्यांना लवकर सोडलं होतं.

“मामंजी, सगळं झाकू नका. आत कोंडेल,” ती म्हणाली. त्यांच्या कामात तिने तोंड घालण्याची ती पहिलीच वेळ.

तिने मला खिडकीपासून ओढलं आणि पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी सांगितलं, की बर्फाचं पाणी अजिबात नको, साधंच द्या. अंगावर ओतू नका, बोटांनी हलके शिंतोडे उडवा, पाय ओले करा. आणि मुख्य म्हणजे त्यांना गार, हवेशीर जागी हलवा. अंड्यांचंही सुनेने विचारलं. हलवल्यावर आईबाप पुन्हा अंड्यांवर बसतीलच असं सांगता येत नाही, म्हणाल्या. पण पक्षी वाचायला हवेत.

सुनेने हे मामंजींना सांगितलं. ते पेटीकडे बघत राहिले.

“तो उठत नाहीये, सूनबाई. तो स्वतः बसलाय, तिथून त्याला हलवणारे आपण कोण?”

“तो उठणारच नाही, मामंजी. तिथेच मरेल. म्हणून आपण उचलायचं. पेटीसकट.”

गार जागा म्हणजे तळमजला, आणि लिफ्ट बंद होती. माझं आणि पेटीचं ओझं एकट्याने पेलण्यासारखं नव्हतं. मामंजी गुडघ्यांमुळे कित्येक महिने जिना उतरले नव्हते. सून कुणाला तरी हाक मारायला निघाली, तर ते म्हणाले की भट्टीतून पावाचे तापलेले पत्रे उतरवण्यात जन्म गेला, आडवं कसं धरायचं ते मला शिकवू नका. त्यांनी खालची बाजू धरली. सुनेने वरची. दर पायरीला ते दबक्या आवाजात “पायरी” म्हणायचे आणि ती पाऊल टाकायची. त्यांच्या गुडघ्यांचा कडकड आवाज मला ऐकू येत होता. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या तारांवर ठिबकत होता.

आणि मित्रांनो, त्याच वेळी पेटीत काय चाललं होतं ते फक्त मला कळत होतं. मी डावीकडे कललो की तुरेवाला उजवीकडे सरकायचा. मी पुढे झुकलो की तो मागे भार द्यायचा. धापा टाकणारं ते मूठभर पाखरू पोटाखालची अंडी एकत्र सांभाळत होतं. एकही अंडं गडगडलं नाही. माझ्या साऱ्या तारा वितळवल्या तरी त्यांतून एवढी ताकद निघायची नाही.

तळमजल्यावर एक छापखाना होता. त्याच्या मालकिणीला सगळे मावशी म्हणत. तोंडाने अगदी फटकळ. ओल्या फडक्यांसह आमची वरात पाहून त्यांनी बजावलं, “माझ्या कागदाला ओल लागली तर तुमची खैर नाही.” आणि हे बोलता बोलताच त्यांनी कागदाचे गठ्ठे स्वतः उचलून कागदाच्या खोलीमागचा बोळ रिकामा केला. जाड भिंती, गार फरशी, उन्हाचा शिरकाव नाही आणि दोन्ही टोकांनी वारा. मला तिथे ठेवलं. सुनेने माझ्या एकाच बाजूवर ओलं फडकं टाकलं आणि बाकीच्या बाजू मोकळ्या सोडल्या. पसरट थाळीत साधं पाणी ठेवलं. करडीच्या पायांवर शिंतोडे उडवले. थोड्या वेळाने करडीने चोच मिटली, पाणी प्यायली, आणि सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तुरेवाला बाहेर आला. पाणी प्यायला. आणि पेटीकडे पाठ करून पार दुसऱ्या टोकाच्या दांडीवर जाऊन बसला.

तो परत जाईना.

बोळात तिघं थांबली होती. सुनेला वाटलं, मीच घाई केली. नवऱ्याला आता काय सांगू? तिने फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. मामंजी कागदाच्या गठ्ठ्यावर बसले होते. मग ते बोलू लागले, आणि आज ते करडीशी किंवा तुरेवाल्याशी बोलत नव्हते.

“तुझी सासू दिवसपाळीला होती, मी रातपाळीला. मी घरी यायचो तेव्हा ती निघायची. दारातच काय ती भेट. पोरगं या हातातून त्या हातात. कधी मला उशीर व्हायचा. तिच्या कामाची वेळ टळायची, पण पोराला टाकून ती कधी गेली नाही. दारात उभी राहायची. येईल तो, सूनबाई. दमलाय. त्याला जरा वेळ दे.”

त्यांच्या तोंडून इतके शब्द सलग मी कधी ऐकले नव्हते. सून खाली फरशीवर, त्यांच्या पायाशी बसली.

आणि तुरेवाला दांडीवरून उतरला. थाळीशी गेला. पाणी प्यायला नाही. त्याने छाती पाण्यात टेकवली, पिसं फुलवली, ती पुरती भिजू दिली, आणि तसाच निथळत भोकातून आत शिरला. पेटीत त्याने अंग हलवून अंडी पोटाखाली घेतली. ते मला तारांतून कळलं.

“ओल्या अंगाने? अंडी गारठतील ना,” सून हळूच म्हणाली.

मामंजी उठून उभे राहिले. त्यांचा आवाज बदलला होता. “नाही. भट्टीत आम्ही पाण्याचा शिपका मारायचो. तो नाही मारला तर पावाचं कवच आधीच वाळून घट्ट होतं. आतलं पीठ फुगायला बघतं, पण वाट मिळत नाही. त्याच्या पिल्लांना कवच फोडून यायचंय.” मग पेटीकडे बघत त्यांनी विचारलं, “मला हे वस्तादाने शिकवलं. याला कुणी शिकवलं?”

फटकळ मावशींनी नकळत हात जोडले होते.

उन्हाळाभर आम्ही त्या बोळातच राहिलो. एके सकाळी पाळी बदलायच्या वेळी मला तारांमधून एक ठोका जाणवला. मग आणखी एक. तो करडीचा नव्हता, तुरेवाल्याचाही नव्हता. कवचाच्या आतून कुणीतरी दार वाजवत होतं. पाठोपाठ अगदी बारीक आवाज आला. अजून जन्माला न आलेला एक जीव बोलत होता आणि बाहेरून करडी त्याला उत्तर देत होती. मावशींनी छपाईचं यंत्र आपणहून बंद केलं. मामंजी जिना उतरून आले, आता ते रोजच उतरायचे. त्या दिवसांत दोन पिल्लं बाहेर आली. बाकीची अंडी तशीच राहिली, त्यांतून काही निघालं नाही. पण त्या दोन पिल्लांचं काय सांगू! मिटलेले डोळे, पेलवत नसलेली मान, आणि उघड्या अंगावर पिवळ्या धाग्यांसारखी लव. दिवसभर भिंगांतून बघणाऱ्या सुनेने चष्मा काढला, पुसला, घातला आणि पुन्हा बघितलं. हात कुणी लावला नाही.

मुलाचा फोन आला तेव्हा मामंजींनी काहीच न सांगता फोन पेटीशी धरला. तिकडे इंजिनाची घरघर होती, इकडे पिल्लांची चिवचिव. मग तिकडून दार लोटल्याचा आवाज आला आणि घरघर मंदावली.

आता त्या गोष्टीला पुष्कळ उन्हाळे झाले. ती पिल्लं मोठी झाली, त्यांचीही पिल्लं मी पाहिली. आमच्या घरात ऊन तापायला लागलं की सर्वांत आधी माझी जागा बदलते. पाणी कोमट झालं की बदललं जातं. फळाची फोड आंबायच्या आत काढली जाते. पंखा लावतात, पण त्याचा झोत माझ्यावर रोखत नाहीत. दुपारी कुणीतरी एकदा तरी वाकून बघतं, की चोची मिटलेल्या आहेत ना. आणि हे सगळं करताना सासरा-सून आता एकमेकांशीच बोलतात. भांडतातसुद्धा. मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, पक्षी पाळूच नका, असं मी पिंजऱ्याने म्हणणं शोभायचं नाही. पण पाळलात तर एवढं ध्यानात ठेवा. मला पाय नाहीत. घरातलं ऊन दिवसभर सरकत सरकत माझ्यापर्यंत येतं, सावलीकडे मात्र मला कुणीतरी न्यावं लागतं. रानातलं पाखरू तापलं तर उडून झाडाआड जातं. घरातल्या पाखराची ती वाट मी अडवून उभा आहे. तेव्हा भर दुपारी एकदा पिंजऱ्याच्या तारेवर तळहात ठेवा. चटका बसला तर तुम्ही हात मागे घ्याल.

आत बसलेल्याला मागे सरकायला जागा नसते.