बाराव्या सांध्यानंतरचा चढ

येडशीच्या स्टेशनामागे, वीरप्पांच्या परसात रूळ पडू लागले तेव्हा त्यांना अजून दिसत होते. छोट्या इंजिनाचे चाक कुठे तासायचे ते वीरप्पा बोटाने दाखवत आणि त्यांची सून शांताक्का कानस चालवी. तिसऱ्या वर्षी दोन्ही डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला. मग निंबाखालच्या बाजेवर बसून ते नुसते ऐकू लागले. पुरे झालेले इंजिन त्यांनी पाहिलेच नाही.

हयातभर त्यांनी कुर्डुवाडीच्या कारखान्यात बार्शी लाइनची इंजिने दुरुस्त केली होती. पेन्शनीत आल्यावर हा उद्योग घरादाराला लावला तोही त्यांनीच. लढाईमुळे लोखंड मिळेना, म्हणून मुलगा बंडप्पा याने रुईच्या गाठी आवळायच्या पट्ट्या जमवल्या आणि बाभळीच्या तुकड्यांत उभ्या ठोकून त्यांचे रूळ केले. मल्लम्माने, वीरप्पांच्या कारभारणीने, माहेरचे पितळी तपेले बॉयलरसाठी काढून दिले. मागच्या दारापासून निघालेली ती वाट रुळांच्या बाराव्या सांध्यापर्यंत सपाट होती. पुढे विहिरीच्या उंचवट्यावर चढत ती थेट बाजेपाशी संपत होती.

"चढ चढलं तर इंजिन," वीरप्पा म्हणत. "न्हाय तर खेळणं."

आणि आजवर ते त्याला खेळणंच म्हणत आले होते. शांताक्काच्या तळव्यांना कानशीचे घट्टे पडले होते. पण तो एक शब्द त्या घट्ट्यांच्याही आत, जिथे हात पोचत नाही तिथे, रुतून बसला होता. तो त्यांच्याच तोंडून बदलून घ्यायचा होता तिला.

दसऱ्याच्या दिवशी, उन्हे कलल्यावर, चढावरच्या पहिल्या फेरीसाठी तिने बाभळीचे कोळसे पेटवले. पत्र्याच्या दोन डब्यांत आपट्याची पाने भरली. मल्लम्माचा भाऊ कल्याणप्पा धाराशिवहून सणाला आला होता. तो पायरीवर ऐसपैस बसला.

"दाजी, या लाइनीचा परवाना काढला का हैदराबादेहून? न्हाय तर तालुकदार यायचा रूळ उपटायला."

"त्याला फुकट बसवून फिरवू," वीरप्पा म्हणाले. "तू मात्र तिकीट काढ."

वाफ धरली. शांताक्काने दांडी ओढली आणि इंजिन हलले. टक. टक. सांध्यांवरून चाके जाऊ लागली, आणि बाजेवर वीरप्पांचे बोट प्रत्येक सांध्याला किंचित उचलले जाऊ लागले. बारावा सांधा गेला. तेराव्याची टक मात्र आलीच नाही. चाके वेड्यासारखी गरगरली, आणि गाडी हळूहळू मागे घसरून सपाटीवर येऊन थांबली.

"सूनबाई, आमची म्हैस बरी की," कल्याणप्पा म्हणाला. "तिला चढ ठाऊक हाय."

बंडप्पा उठला. "म्या जरा मागून रेटतो."

"हात लावायचा न्हाय." वीरप्पांनी मान तिरपी केली. "शांताक्का, पुन्हा सोड."

तिने पुन्हा सोडली. तोच आवाज: भरधाव, पोकळ.

"दम हाय तिच्यात," वीरप्पा म्हणाले. "चाकं रिकामी फिरतायत. रुळाला तेल कुणी लावलं?"

मल्लम्मा पदर सावरत पुढे आली.

"म्या लावलं. काल खंडेनवमी न्हवती का? कानस, हातोडा, समद्यांना हळद-कुंकू वाहिलं. रूळ तेवढे कोरडे दिसले. करडीचं तेल चोळलं चांगलं, दोन्ही बाजूंनी."

वीरप्पा हसले. "अगं, गाडीच्या सांध्याला तेल. तळपायाला न्हाय."

शांताक्काने पदराने पट्टी पुसून पाहिली. करडीचे तेल लोखंडाला सोडीना. चढावर मोठे इंजिन घसरले की रुळावर वाळू सोडतात, हे सासऱ्यांनीच तिला सांगितले होते. पण परसात होती ती काळी माती. तेलात कालवली तर चिखलच.

"अव्वा," ती सासूकडे वळून म्हणाली, "तुमची रांगोळी आणा."

मल्लम्माने क्षणभर सुनेकडे पाहिले, आणि ती लगबगीने आत गेली. वाटी घेऊन चढाशी वाकली तेव्हा तिचे वय जणू कमरेतून गळून पडले. चाळीस वर्षे दारात उमटलेली ती चिमूट त्या बोटभरही रुंद नसलेल्या पट्टीवरून चालू लागली. दगडाच्या भुकटीची पांढरी रेघ ना इकडे सांडली ना तिकडे. एक रूळ झाला, मग दुसरा. कल्याणप्पाचा विडा तोंडातच राहिला.

"आता सोड, पोरी," मल्लम्मा म्हणाली.

शांताक्काने दांडी ओढली. दहा, अकरा, बारा. चाके एकदा कचरली. खाली भुकटी करकरली, आणि त्या करकरीतच त्यांना पाय फुटले. टक. वीरप्पांचे बोट उचलले गेले. चौदा. पंधरा. धाप टाकत, पितळेची छाती फुगवत, आपट्याच्या पानांनी भरलेले डबे ओढत इंजिन उंचवट्यावर आले. कलत्या उन्हात तपेल्यावर मल्लम्माच्या माहेरचे नाव झळकले. बंडप्पा नकळत हात उंचावून त्याच्यासोबत चालत होता. कल्याणप्पा पायरीवरून उठून उभा होता.

बाजेपाशी गाडी थांबली. वीरप्पांनी चाचपडत डब्यातले सोने उचलले आणि सुनेच्या हातावर ठेवले. तिने वाकून नमस्कार केला. मग त्यांचा पंजा बॉयलरच्या बोटभर वर, त्याच्या उबेत थांबला, आणि बराच वेळ तो तिथून निघाला नाही.

"दाजी, तहान लागली असंल," कल्याणप्पा तांब्या पुढे करत म्हणाला. "पाणी घ्या."

"आधी इंजिनाला पाज," वीरप्पा म्हणाले. "चढ चढून आलंय."